ल्युबेक, १९३०: क्षयाचा जंतू आणि २५१ बाळं

क्षयाच्या रुग्णाला डॉक्टर खोकला किती दिवसांचा आहे ते विचारतात, ताप संध्याकाळी चढतो का ते विचारतात, वजन किती उतरलं ते विचारतात. लागण कधी झाली, हे मात्र कुणी विचारत नाही. लोकलच्या डब्यात झाली, चाळीच्या जिन्यात झाली की घरातल्याच कुणाच्या खोकल्यातून झाली, महिन्यापूर्वी झाली की वीस वर्षांपूर्वी, हे रुग्णालाच ठाऊक नसतं. किती जंतू आत गेले ते तर कधीच कळत नाही. त्यामुळे माणसाचं शरीर या जंतूला नेमकं कसं तोंड देतं हे माणसातच अभ्यासणं फार अवघड जातं. आपल्या हाती लागतो तो लढाईचा शेवटचा भाग.

याला एक भयंकर अपवाद आहे. उत्तर जर्मनीतल्या ल्युबेक शहरात १९३० साली २५१ नवजात बाळांच्या पोटात क्षयाचे जिवंत आणि जहाल जंतू गेले. दिवस ठाऊक होता, वाट ठाऊक होती, सगळ्यांचं वय जवळजवळ सारखं होतं, आणि कुणाला जंतू जास्त गेले व कुणाला कमी, याचाही मागाहून बराचसा अंदाज बांधता आला. क्षयावर तेव्हा एकही औषध नव्हतं. स्ट्रेप्टोमायसिन सापडायला अजून १३ वर्षं होती. म्हणजे जंतू आणि मृत्यू यांच्या मध्ये उभं होतं ते बाळाचं स्वतःचं शरीर, बस्स. रोगप्रतिकारशक्ती एकटी काय करू शकते आणि कुठे कमी पडते, हे या प्रकरणाइतकं स्पष्टपणे दुसरीकडे क्वचितच दिसतं. असा प्रयोग कुणी करायचा नसतो, आणि हा प्रयोग नव्हताच. तो अपघात होता. पण इतक्या लहानग्यांनी जे सोसलं ते आपण निदान नीट वाचावं, असं मला मनापासून वाटतं.

घडलं काय

आल्बेर काल्मेट आणि कामिय गेरँ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी गुरांच्या क्षयाचा एक जंतू पित्त, ग्लिसरीन आणि बटाटा यांच्या माध्यमावर पुन्हा पुन्हा वाढवला. १९०८ ते १९२१ अशी १३ वर्षं, २३० वेळा. त्या प्रवासात जंतूचा जहालपणा गेला, पण शरीराला ओळख पटावी इतका तो मूळ जंतूसारखा राहिला. हीच क्षयाची लस, बीसीजी. १९२१ मध्ये पॅरिसमध्ये ती पहिल्यांदा एका बाळाला दिली गेली. त्या काळी ती टोचत नसत, तोंडावाटे पाजत. जन्मानंतरच्या पहिल्या दहा दिवसांत तीन मात्रा, असा शिरस्ता होता.

ल्युबेकच्या आरोग्य खात्याचे प्रमुख एर्न्स्ट आल्टश्टेट आणि तिथल्या सार्वजनिक रुग्णालयाचे प्रमुख गेऑर्ग डाइके यांनी ही लस शहरातल्या नवजात बाळांना द्यायचं ठरवलं. पॅरिसच्या पास्चर संस्थेतून आलेला जंतू डाइके यांच्या प्रयोगशाळेत वाढवला गेला आणि तिथेच लस तयार झाली. आईबापांनी विश्वासाने बाळांना ती पाजू दिली. १९३० च्या वसंतात बाळं आजारी पडू लागली, दगावू लागली. एप्रिल संपता संपता लसीकरण थांबवण्यात आलं, पण गिळलेले जंतू आपलं काम करतच राहिले.

पुढच्या चौकशीत कारण सापडलं. त्याच प्रयोगशाळेत, त्याच उबदार कपाटात, कील शहरातून आलेला माणसाच्या क्षयाचा एक जहाल वाणही ठेवलेला होता. हा वाण माध्यमावर वाढताना हिरवट रंग सोडायचा. दगावलेल्या बाळांच्या शरीरातून वेगळ्या केलेल्या जंतूंनीही तोच हिरवा रंग दाखवला. बीसीजीच्या बाटल्यांत कीलचा वाण मिसळला होता. लस वापरण्याआधी ती प्राण्यांवर तपासून पाहिलेली नव्हती. खटला ऑक्टोबर १९३१ मध्ये उभा राहिला आणि फेब्रुवारी १९३२ मध्ये निकाल लागला: डाइके यांना दोन वर्षं, आल्टश्टेट यांना १५ महिने कैद. काल्मेट यांचा जंतू निर्दोष ठरला. खटल्याआधीच, २८ फेब्रुवारी १९३१ रोजी, जर्मन सरकारने नव्या उपचारांसाठी आणि माणसांवरच्या प्रयोगांसाठी नियम काढले होते, आणि त्यामागे ल्युबेकच्या धक्क्याचा वाटा होता. कायद्याची बाजू एवढ्यावर सोडतो. माझं लक्ष आहे ते बाळांच्या शरीरात काय झालं याकडे.

सर्वाधिक दिली जाणारी मोजदाद अशी आहे: २५१ पैकी ७२ बाळं क्षयाने दगावली, १३५ आजारी पडून बरी झाली आणि ४४ आजारी पडलीच नाहीत, फक्त त्यांची ट्युबरक्युलिन चाचणी, म्हणजे शरीराने क्षयाचा जंतू ओळखला आहे का हे सांगणारी चाचणी, होकारार्थी आली. वेगवेगळ्या नोंदींत हे आकडे थोडे मागेपुढे होतात. पण चित्र तेच राहतं. जन्मून जेमतेम दहा दिवस झालेल्या बाळांनी जहाल जंतू गिळले, औषधाचा एक थेंबही मिळाला नाही, आणि तरी दहातली सात बाळं वाचली. कशी?

गिळल्यानंतर

क्षयाच्या जंतूभोवती मेणासारख्या स्निग्ध द्रव्यांचं जाड आवरण असतं. जठरातल्या आम्लाने तो सहज मरत नाही, आणि नवजात बाळाच्या जठरात आम्लाची धार मुळात कमीच असते. ल्युबेकच्या बाळांत जंतू दोन मुख्य जागांनी आत शिरला: घशातून, टॉन्सिलच्या आसपास, आणि आतड्याच्या भिंतीतून. त्यामुळे पहिले फोड फुप्फुसात न दिसता आतड्यात दिसले. पोटातल्या लसिकाग्रंथी सुजल्या. अनेकांच्या मानेला गाठी आल्या, जिला आपल्याकडे गंडमाळ म्हणतात तोच प्रकार. घशातून कानाकडे जाणाऱ्या नळीने जंतू चढल्यामुळे कित्येकांचे कान वाहू लागले.

भिंत ओलांडताच जंतूची गाठ पडते ती मोठ्या भक्षक पेशीशी, म्हणजे मॅक्रोफेजशी. ही पेशी आगंतुक जंतूला गिळते आणि पोटातल्या एका पिशवीत कोंडते. मग त्या पिशवीला पाचकरसांनी भरलेली दुसरी पिशवी येऊन मिळते आणि जंतू विरघळतो. बहुतेक जंतूंची कहाणी इथेच संपते. क्षयाचा जंतू मात्र या दोन पिशव्या एक होऊ देत नाही. ज्या पेशीने त्याला मारायचं तिच्याच पोटात तो राहतो आणि वाढतो. एवढंच करून तो थांबत नाही. त्याच्या जनुकांचा आरडी-१ नावाचा एक पट्टा आहे. त्या पट्ट्यातून बनणारी प्रथिनं, त्यातही ईसॅट-६, पिशवीच्या भिंतीला इजा करायला मदत करतात. मग जंतू पिशवीबाहेर पेशीतल्या द्रवात पोचतो, पेशी मरते, आणि तो शेजारच्या पेशीत जातो.

ल्युबेकच्या बाटलीत दोन्ही जंतू एकत्र होते हे इथे फार महत्त्वाचं ठरतं. बीसीजीने त्या १३ वर्षांच्या प्रवासात नेमका हाच आरडी-१ पट्टा गमावला आहे. १९३० साली हे कुणालाच माहीत नव्हतं. १९९० च्या दशकात जनुकांची तुलना करताना ते उघड झालं. म्हणजे एकाच बाळाच्या आतड्यात, एकाच प्रकारच्या पेशींच्या पोटात, पट्टा असलेला आणि पट्टा गेलेला असे दोन भाऊबंद शिरले. एक पेशीतच अडकून हळूहळू विझत जाणारा, दुसरा पेशी फोडून पुढे सरकणारा.

आता वेळेचा हिशोब. क्षयाचा जंतू सावकाश वाढतो, दुप्पट व्हायला त्याला साधारण २० तास लागतात. पण शरीराचा खास प्रतिकार त्याहून सावकाश जागा होतो. डेंड्रिटिक पेशींनी, म्हणजे निरोप्या पेशींनी, जंतूचे तुकडे लसिकाग्रंथीपर्यंत न्यायचे, तिथे ते तुकडे ओळखणाऱ्या मोजक्या टी पेशी (एका जातीच्या पांढऱ्या रक्तपेशी) सापडायच्या, त्यांची संख्या वाढायची, आणि मग त्या रक्तातून लागणीच्या जागी पोचायच्या. इतर जंतूंच्या बाबतीत हे आठवड्याभरात आटोपतं. क्षयात जंतू स्वतःच हा प्रवास लांबवतो. ट्युबरक्युलिन चाचणी होकारार्थी व्हायला माणसात दोन ते आठ आठवडे लागतात, यावरून या विलंबाची कल्पना यावी. तोपर्यंत जंतूला मैदान जवळपास मोकळं असतं. प्रौढाच्या फुप्फुसात दोन-चार जंतू शिरले असतील तर तेवढ्या काळात ते काही हजारांवर जातात. ज्या बाळाने सुरुवातीलाच प्रचंड संख्येने जंतू गिळले, त्याच्या टी पेशी जाग्या होईपर्यंत परिस्थिती हाताबाहेर गेलेली असायची.

टी पेशी पोचल्या की चित्र पालटतं. सीडी-४ जातीच्या टी पेशी इंटरफेरॉन-गॅमा नावाचं रसायन सोडतात. ते मिळालं की भक्षक पेशीतली अडलेली पिशव्यांची जुळणी पुन्हा होऊ लागते आणि जंतू मारण्याची तिची ताकद कितीतरी वाढते. टीएनएफ हे दुसरं रसायन पेशींना जंतूभोवती एकत्र आणतं आणि धरून ठेवतं. अशी जी गोल गुठळी तयार होते तिला ग्रॅन्युलोमा म्हणतात. मध्यभागी जंतूंनी भरलेल्या आणि मेलेल्या पेशी, भोवती भक्षक पेशींचे थर, बाहेर टी पेशींचं कडं. मधला भाग मरून पांढरट, कोरडा, चक्क्यासारखा होतो. तिथे प्राणवायू नीट पोचत नाही, जंतूची वाढ मंदावते. पुढे सगळं सुरळीत झालं तर त्या जागी चुना साचतो आणि गुठळी कठीण होते. ल्युबेकच्या वाचलेल्या मुलांच्या पोटाच्या क्ष-किरण चित्रांत चुना साचलेल्या ग्रंथींचे असे ठिपके दिसत राहिले. ती मुलं जंतू संपवून बरी झालेली असतीलच असं नाही. त्यांच्या शरीराने त्याला कोंडलं होतं, आणि क्षयाच्या बाबतीत बहुतेक वेळा शरीर एवढंच करतं.

या प्रतिकाराची किंमतही शरीरच मोजतं. ताप, गळलेलं वजन, फुटून वाहणाऱ्या गाठी, आतड्यातले व्रण, यांतलं बरंचसं नुकसान जंतूपेक्षा त्याच्यावर तुटून पडलेल्या पेशींमुळे होतं. क्षयाच्या जंतूकडे घटसर्प किंवा धनुर्वातासारखं जालीम विष नाही. आजारी पडून बरी झालेली १३५ बाळं म्हणजे हीच किंमत मोजून वाचलेली बाळं.

मात्रा की बाळ?

इथे प्रकरणाचा खरा गाभा येतो. काही बाळं गेली आणि काहींना काहीच झालं नाही, याचं कारण बाटलीत होतं की बाळात?

बाटलीत होतं, हे निश्चित. लसीच्या सगळ्या घाण्यांत कीलचा वाण सारखा मिसळलेला नव्हता. काहींत तो भरपूर होता, काहींत नावापुरता. जर्मन आरोग्य खात्याने या साऱ्याची बारकाईने नोंद केली, शवविच्छेदनं झाली, वाचलेल्या मुलांचा पुढे पाठपुरावा झाला. या नोंदी २०१६ मध्ये संशोधकांच्या एका गटाने आजच्या ज्ञानाच्या उजेडात पुन्हा तपासल्या. मात्रा जितकी जास्त तितके मृत्यू जास्त, हे त्यांत स्वच्छ दिसलं. मरण पावलेल्या बाळांत जंतू सर्वत्र पसरलेला आढळायचा: यकृतात, प्लीहेत, फुप्फुसांत बाजरीच्या दाण्याएवढे असंख्य फोड, किंवा मेंदूच्या आवरणाला सूज. पहिल्या आठवड्यांतली शर्यत ही बाळं हरली होती.

पण मात्रेने सगळं उलगडत नाही. भरपूर जंतू मिळालेल्यांपैकीही काही बाळं जगली, आणि सारखीच मात्रा मिळालेल्या दोन बाळांची गत वेगळी झाली. त्याच अभ्यासाचा दुसरा निष्कर्ष हा की उपजत प्रतिकारक्षमता हीदेखील मात्रेइतकीच लक्षात घ्यायची गोष्ट आहे. टी पेशी जाग्या होण्याआधीच्या आठवड्यांत भक्षक पेशी एकट्याने जंतूला किती रोखून धरतात, हे माणसागणिक बदलतं. मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोलाचा धडा हाच वाटतो, कारण आपण प्रतिकारशक्ती म्हटलं की लस, प्रतिपिंडं, स्मृती यांचाच विचार करतो, आणि पहिल्या दिवशीच्या पहारेकऱ्यांना विसरतो.

नवजात बाळांत हे पहारेकरी कच्चे असतात. त्यांच्या पेशी इंटरल्युकिन-१२ हे निरोप देणारं रसायन कमी बनवतात, म्हणून टी पेशींना क्षयाशी लढण्याचा योग्य कल उशिरा मिळतो. इंटरफेरॉन-गॅमाही कमी पडतं. आईकडून नाळेतून आलेली प्रतिपिंडं रक्तात असतात, पण पेशीच्या पोटात दडलेल्या जंतूपर्यंत ती पोचत नाहीत. औषधं येण्यापूर्वीच्या काळातल्या नोंदी सांगतात की वर्षाच्या आतल्या बाळाला लागण झाली तर निम्म्यांच्या आसपास बाळं आजारी पडत. प्रौढात हेच प्रमाण आयुष्यभरात ५ ते १० टक्के आहे. त्या पार्श्वभूमीवर ल्युबेकची ४४ निरोगी बाळं पाहिली की थक्क व्हायला होतं.

बाळाबाळांतला हा फरक पुढे इतर रुग्णांनी एकेका कडीने समजावून दिला. बीसीजीच्या निरुपद्रवी जंतूनेही जिवावर बेतलेली काही मुलं जगात अधूनमधून सापडत होती. १९९६ मध्ये अशा मुलांत इंटरफेरॉन-गॅमा ग्रहण करणाऱ्या प्रथिनाच्या जनुकातच दोष असल्याचं सिद्ध झालं. निरोप पाठवला जात होता, पण पेशीला तो ऐकूच येत नव्हता. २००१ मध्ये संधिवात आणि आतड्याच्या दाहासाठी इन्फ्लिक्सिमॅब हे टीएनएफ रोखणारं औषध घेणाऱ्या ७० रुग्णांना क्षय झाल्याची नोंद प्रसिद्ध झाली. वर्षानुवर्षं कोंडलेला जंतू गुठळी सैल पडताच बाहेर आला होता. आणि एचआयव्हीने सीडी-४ पेशी संपवल्यावर काय होतं हे तर मुंबई-पुण्याच्या रुग्णालयांनी १९९० नंतर रोज पाहिलं. इंटरफेरॉन, टीएनएफ, सीडी-४: यांतलं एकही निसटलं तर कोंडवाडा मोडतो.

ल्युबेकवरून किती अनुमान काढावं याला मर्यादा आहेत. नेहमीचा क्षय श्वासातून येतो आणि फुप्फुसात सुरू होतो. इथे तो आतड्यातून आला. वाटही वेगळी आणि मात्राही अनैसर्गिक. शिवाय बाटलीतल्या बीसीजीने बाळांना थोडं संरक्षण दिलं का, हा प्रश्न उरतोच. टी पेशींमार्फत मिळणारं संरक्षण तरी वेळेत पोचण्यासारखं नव्हतं, कारण लस आणि शत्रू एकाच घोटात आत गेले होते. बीसीजी भक्षक पेशींनाही काही काळ अधिक सावध करते हे गेल्या दशकभरातल्या संशोधनातून दिसलं आहे, तेव्हा ती शक्यता मी पूर्ण बाद करणार नाही.

आजच्या बाळाकडे

आपल्याकडे बाळाला जन्मतःच डाव्या दंडावर बीसीजी टोचतात, महिन्याच्या आतल्या बाळाला ०.०५ मिलिलिटर, कातडीच्या अगदी वरच्या थरात. काही आठवड्यांनी तिथे पुटकुळी येते, ती फुटते, खपली धरते, व्रण राहतो. अनेक घरांत त्या पुटकुळीने आईचा जीव घाबरतो. घाबरू नये. टी पेशी त्या जागी पोचल्याची ती खूण आहे.

ही लस बाळांना मेंदूच्या आवरणाच्या क्षयापासून आणि सर्व शरीरभर पसरणाऱ्या क्षयापासून चांगलं वाचवते. ल्युबेकची बाळं ज्या प्रकारांनी गेली, तेच हे प्रकार. मोठेपणीचा फुप्फुसाचा क्षय ती विश्वासाने रोखत नाही. तमिळनाडूत चेंगलपट्टू भागात १९६८ पासून झालेल्या मोठ्या चाचणीने हे दाखवून दिलं, आणि ते स्वीकारणं पुष्कळांना जड गेलं. जंतू शरीरभर पसरू न देणं आणि फुप्फुसात त्याला कायमचं दाबून ठेवणं ही शरीराची दोन वेगळी कामं आहेत, एवढं तरी त्यातून समजतं. ट्युबरक्युलिन चाचणी होकारार्थी आली म्हणजे संरक्षण मिळालं, असंही नाही. शरीराने जंतूला ओळखलं आहे, इतकंच ती सांगते.

लसीचा परिणाम दिसायला आठवडे लागतात, आणि थुंकीत जंतू असलेली आई बाळाला त्याआधीच कुशीत घेते. अशा घरात ल्युबेकची तीच अडचण लहान प्रमाणात उभी राहते: जंतू आधी, टी पेशी नंतर. फरक इतकाच की आज त्या मधल्या काळासाठी औषध आहे. बाळाला आजार नाही याची खात्री करून घेतल्यावर आयसोनियाझिड रोज, सहा महिने, वजनाच्या दर किलोमागे सुमारे १० मिलिग्रॅम देतात. पाच वर्षांखालची घरातली बाकीची मुलंही त्यात धरायची असतात. आईने तोंडाला मास्क लावून दूध पाजत राहायचं, तिचे स्वतःचे उपचार चुकवायचे नाहीत. हे औषध सरकारी केंद्रात मोफत मिळतं. तरी बाळ हसतंय-खेळतंय, त्याला कशाला गोळी, म्हणून कित्येक घरी ते मध्येच सुटतं. पहिल्या आठवड्यांत ल्युबेकची बाळंही निरोगीच दिसत होती. घरात कुणाला थुंकीचा क्षय निघाला असेल तर आशाताई दारात येण्याची वाट न पाहता लहान मुलांना तपासायला न्यावं, आणि गोळी सुरू झाली की सहा महिने ती सोडू नये.